आधी मोजा, मग एंटर!

शुक्रवारची संध्याकाळ ही लाइव्ह डेटाबेसमध्ये हात घालायची वेळ नव्हे, असं माझं ठाम मत आहे. डोकं निम्मं वीकएंडला पोचलेलं असतं आणि अपडेट लिहिताना नेमकं 'वेअर' राहून जातं. पत्ता बदलायचा असतो एका कस्टमरचा, बदलतो सगळ्यांचा! डेटाबेस काही 'नक्की ना?' विचारत नाही. मायएसक्यूएलमध्ये तर ऑटोकमिट मुळातच चालू असतं. एंटर दाबलं की विषय संपला.

म्हणून दोस्तहो, त्याच्या कमांड लाइनवर 'सेफ-अपडेट्स' हा ऑप्शन लावाच. मग वेअरमध्ये की कॉलम नसेल आणि लिमिटही नसेल, तर अपडेट-डिलीट सरळ नाकारलं जातं. लिमिट न लिहिलेल्या सिलेक्टलाही १००० ओळींचा लगाम बसतो. या ऑप्शनचं दुसरं नाव माहितीये? 'आय-अॅम-अ-डमी'! इगो दुखावतो खरा, पण हेल्मेट घालणाऱ्याला आपण डमी म्हणतो का?

मात्र लिमिटवर फार विसंबू नका. 'लिमिट १०' म्हटलं की जास्तीत जास्त दहा ओळी उडणार, पण कुठल्या दहा? ऑर्डर बाय नसेल तर काही भरवसा नाही. चुकीची क्वेरी लिमिटने बरोबर होत नाही, फक्त नुकसान आटोक्यात राहतं.

माझा फंडा साधा आहे. आधी तेच वेअर लावून काउंट काढायचा. मग ट्रान्झॅक्शन सुरू करून अपडेट चालवायचं. किती ओळी बदलल्या तो आकडा समोर येतोच. काउंटशी जुळला तर कमिट, नाहीतर रोलबॅक. टेबल इनोडीबीचं आहे ना, तेवढं बघा. मायआयसॅममध्ये रोलबॅकच नाही.

लाखो जुन्या नोंदी काढायच्या असतील, तर हजार-हजारच्या हप्त्यांत काढा आणि प्रत्येक हप्त्यानंतर कमिट करा. एकदम काढायला गेलात तर लॉक लागून बाकीची मंडळी ताटकळत बसतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लिमिटच्या जागी 'टॉप' आहे, ओरॅकलमध्ये 'रोनम'. नावं वेगळी, काम तेच.

दोन मिनिटं जास्त जातील, जाऊ देत. त्या ओळींमध्ये कुणाचा पगार असतो, कुणाचं गावी जायचं तिकीट असतं. आणि आकडा जुळतच नसेल, तर रोलबॅक मारा आणि सरळ घरी जा. सोमवार आहेच की!