घडीचा फोन अन् सोयाबीनचं कुटार



आज ना अळीवर लिहितो, ना खतावर. आज फोनवर लिहितो. कोणी म्हणेल हा शेतीचा विषय नाही. त्याला एवढंच विचारतो की गेल्या वर्षभरात तुमच्या खिशातला विळा जास्त वेळा बाहेर निघाला की फोन?

झालं असं. सोयाबीनची सुडी लागलेली, पावसाची भीती, हडंबा मोठ्या मिनतवारीने मिळालेला. त्याच दिवशी पुण्याहून भाचा आला. हातात नवा घडीचा फोन, उघडला की वहीएवढा होणारा. "मामा, हे पाहा, पूर्ण सातबारा एका नजरेत दिसते. नकाशा, गट, सारं." मी पाहिलं. खरंच छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू. पोराने हौसेनं हडंब्याजवळ उभं राहून व्हिडिओ काढला, फोन मिटला, खिशात घातला. जेवायला बसलो तेव्हा उघडला, तर घडीपाशी बारीक करकर. दोन दिवसांनी पुण्यात पोचला तोवर पडद्याच्या मधोमध एक काळी रेघ वरून खालपर्यंत. दुरुस्तीचा आकडा ऐकला आणि त्याने मला फक्त एवढंच सांगितलं, "मामा, जाऊ द्या." कंपनीचं नाव लिहीत नाही. एका फोनवरून साऱ्या कंपनीला नावं ठेवणं बरोबर नाही, आणि माझा मुद्दा एका कंपनीपुरता नाहीच.

हे लिहायचं कारण भाच्याचा फोन नाही. कारण असं की आठवड्यापूर्वी मेहकरला एका दुकानात मला ऐकवलं गेलं, "काका, आता प्रगत शेतकऱ्यांनी घडीचाच फोन घ्यावा. ड्रोनचा नकाशा पाहा, पानाचा फोटो मोठा करून रोग ओळखा, टॅबची गरजच नाही." शेजारी एक शिकलेले कृषी सल्लागार उभे होते, त्यांनीही मान हलवली. मान हलवणाऱ्यांसाठी हा लेख.

पहिल्यांदा एक गोष्ट साफ करतो. "शेतकऱ्याला कशाला पाहिजे महागडा फोन" असं म्हणणारा मी नाही. ज्याचे पैसे त्याची हौस. कोणी बैलजोडीवर लाख घालतो, कोणी बुलेटवर. पण दुकानदार हौस म्हणून विकत नव्हता, शेतीचं अवजार म्हणून विकत होता. अवजार म्हटलं की मग आपण ते अवजारासारखंच तपासणार. फाळ घेताना ठोकून पाहतो, तसं.

आता थोडा इतिहास. सॅमसंगने पहिला गॅलेक्सी फोल्ड एप्रिल २०१९ मध्ये बाजारात आणायचं ठरवलं होतं. त्याआधी परीक्षणासाठी पत्रकारांना दिले, आणि काही दिवसांतच त्यातल्या काहींचे पडदे गेले. कुणी वरचा पातळ थर संरक्षक कागद समजून सोलला, तर कुठं बिजागरीच्या फटीतून कण आत शिरला. कंपनीने विक्री पुढं ढकलली आणि सुधारणा करून तो फोन सप्टेंबरात आणला. म्हणजे घडीच्या फोनचा पहिला शत्रू कोण निघाला? पाणी नाही, पडणं नाही. कचरा. तोही शहरातल्या खिशातला कचरा.

त्यानंतर सुधारणा झाल्या, हे मान्य करायलाच पाहिजे. २०२० च्या झेड फ्लिपमध्ये प्लास्टिकच्या जागी खरी पण अतिपातळ काच आली, ३० मायक्रॉनची. आपल्या डोक्याचा केस त्याच्या दुप्पट जाड भरतो. तिच्यावर पुन्हा प्लास्टिकचा थर असतोच, आणि आपलं बोट लागतं ते त्या थराला. साध्या फोनच्या काचेवर नखाने ओरखडा उठत नाही. घडीच्या आतल्या पडद्यावर नख रुतवू नका, टोकदार वस्तू दाबू नका, हे कंपनीच सांगत आली आहे. आता माझी नखं पाहा. सोंगणीच्या दिवसांत माझं नख आणि पटाशी यात फार फरक राहत नाही.

२०२१ च्या मॉडेलांपासून पाण्याचा टिकाव आला. २०२४ पासून सॅमसंगच्या घडीच्या फोनांवर आयपी४८ असा शिक्का आहे, २०२५ च्या झेड फोल्ड ७ वरही तोच. दुकानदार हा शिक्का दाखवून म्हणतो, "वॉटरप्रूफ, डस्टप्रूफ." इथंच मंडळी फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

आयपीच्या पुढं दोन आकडे असतात. दुसरा पाण्याचा. ८ म्हणजे फोन ठरावीक खोलीच्या गोड्या पाण्यात काही वेळ तग धरतो. ते चांगलंच आहे. पहिला आकडा घन पदार्थांचा. ६ म्हणजे धूळ अजिबात आत जात नाही. ५ म्हणजे थोडी जाते, पण काम अडत नाही. आणि ४ म्हणजे? १ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा कण आत जात नाही. बस. त्याहून बारीक कणाबद्दल हा आकडा काहीच हमी देत नाही.

आता आपली जमीन काढा. सुलतानपूर-लोणारचा सारा पट्टा बेसाल्टच्या खडकावरचा. त्या खडकाची झीज होऊन झालेली आपली काळी माती चिकणमातीने भरलेली आहे, आणि मृदाशास्त्रात चिकणमातीचा कण म्हणजे ०.००२ मिलिमीटरहून बारीक. १ मिलिमीटरला भागून पाहा. कंपनी ज्या कणाची हमी देते त्याच्या पाचशेव्या भागाएवढा, किंवा त्याहूनही बारीक कण आपल्या वावरात उडतो. हे म्हणजे म्हशीला अडवायला फाटक लावायचं आणि मुंगीची काळजी नको म्हणायचं. शिवाय कुटार आहे, पऱ्हाटीच्या कापसाची सरकी-तंतू आहेत, तुरीच्या शेंगांची लव आहे. हडंब्यापाशी अर्धा तास उभं राहिल्यावर माणसाच्या कानातून निघतं ते फोनच्या बिजागरीत जाणार नाही?

सल्लागार साहेब म्हणाले, "पण आता आयपी६८ चा घडीचा फोनही आला." बरोबर आहे. गूगलने २०२५ मध्ये पिक्सेल १० प्रो फोल्ड तसा आणला. मला ते इंजिनिअरचं मोठं काम वाटतं, टिंगल नाही. पण नीट विचार करा. तो शिक्का फोनच्या पोटात धूळ जात नाही एवढंच सांगतो. पडद्यावर बसलेल्या धुळीचं काय? साधा फोन आपण धोतराला, शर्टाला पुसतो, झालं. घडीच्या फोनचा मऊ पडदा तुम्ही धुळीसकट मिटता. दोन पात्यांमध्ये कण दाबला जातो, दिवसातून पन्नास वेळा. जात्यात दाणे टाकल्यासारखंच की हे. त्या दाबाला कुठला आयपी शिक्का उत्तर देतो, कोणी सांगावं.

मग येतो घड्यांचा हिशोब. आधी दोन लाख घड्यांची चाचणी सांगायचे, आता झेड फोल्ड ७ च्या पडद्यासाठी पाच लाखांचा आकडा आहे. रोज शंभरदा उघडला तरी तेरा वर्षं. आकडा खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण ती चाचणी यंत्राने, खोलीत, २५ अंश तापमानात झालेली. हडंब्याचं बेअरिंग कशाने जातं ते ज्याला ठाऊक आहे त्याला पुढचं सांगायला नको. फेऱ्या मोजून बेअरिंग जात नाही. सील फाटतं, धूळ शिरते, ग्रीसचा चिखल होतो, मग जातं. कंपनीने फेऱ्या मोजल्या. आपला प्रश्न सीलचा आहे.

आणि २५ अंश आपल्याकडं कधी असतं हो? पावसाळी सकाळी, हिवाळ्यातल्या दुपारी. बहुतेक कंपन्या फोन वापरायला ३५ अंशांपर्यंतचं हवामान सांगतात. मे महिन्यात आपण ४२-४३ मध्ये धुऱ्यावर उभे असतो. फोन तापला की आपोआप उजेड कमी करतो, आणि नेमकं उन्हात मोठ्या पडद्यावर काहीच दिसत नाही. हे सगळ्याच फोनांचं दुखणं आहे, मान्य. पण मोठा पडदा घेतला तो दिसण्यासाठी ना?

फवारणीचं तर विचारूच नका. ईसी प्रकारच्या औषधात द्रावक असतो, तो काही प्लास्टिक मऊ करतो. पंपाचं झाकण कसं चिकट होतं ते पाहिलंच असेल. तोच हात पडद्यावर जातो. (हातमोजे घाला, हे मी दर हंगामात लिहितो. किती जण घालतात तेही मला माहीत आहे.)

आता पैसे. २०२५ मध्ये झेड फोल्ड ७ ची भारतातली सुरुवातीची किंमत १,७४,९९९ रुपये होती. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे जवळपास ३३ क्विंटल. तेही हमीभावाने. व्यापाऱ्याने ४,२०० लावला तर ४१-४२ क्विंटल. कोरडवाहूत एकरी सहा-सात क्विंटल धरा आणि किती एकराचं सोयाबीन खिशात घेऊन फिरायचं ते तुम्हीच मोजा. खर्च वजा न करता बरं का.

कोणी म्हणेल, मग साधा बटणाचा फोन वापरा, भानगड नको. इथं माझं आपल्याच माणसांशी भांडण आहे. ते दिवस गेले. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी फोनवर आली. वावरात उभं राहून फोटो काढल्याशिवाय सातबाऱ्यावर पीक चढत नाही. पीक विम्यात नुकसान ७२ तासांत कळवायचा नियम होता तेव्हा पाण्यात उभं राहून, ओल्या बोटाने, पडत्या पावसात आपण फोटो चढवले. ओलं बोट पडद्याला कळत नाही, हे त्या ७२ तासांत किती जणांना रडवून गेलं! २०२५-२६ च्या हंगामात कापूस सीसीआयला हमीभावाने द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी आली. फोन आता चैन नाही, तिफणीसारखाच लागतो. म्हणूनच तो पेरणीच्या तोंडावर बंद पडणारा नको.

आमच्या शेजारच्या एका बापूंचा फोन, घडीचा नव्हे साधाच, ऐन पाहणीच्या शेवटच्या आठवड्यात गेला. पडदा मिळेना. पोराचा फोन नागपुरात, पोरासोबत. मुदत गेली, सातबाऱ्यावर पीक पेराच कोरा राहिला. नंतर विक्रीच्या नोंदणीला तोच सातबारा पुढं करावा लागला. एका फुटलेल्या काचेची किंमत अशी निघते. साध्या फोनची काच तरी लोणार-मेहकरात तासाभरात बसते. घडीचा आतला पडदा बसवायला अकोला नाहीतर छत्रपती संभाजीनगर गाठा, आणि मग सुट्या भागाची वाट पाहा. तेवढे दिवस मुदत थांबत नाही.

शहरात, गाडीच्या सीटवर, ऑफिसात हा फोन कामाचा असेल. सल्लागार साहेबांनी जरूर घ्यावा. त्यांना अहवाल वाचायचे असतात, नकाशे पाहायचे असतात, आणि त्यांचा फोन हडंब्यापाशी जात नाही. माझी तक्रार एवढीच की स्वतःच्या टेबलाची गरज आमच्या धुऱ्यावर आणून लावू नका. पानावरचा ठिपका मोठा करून पाहायला दोन बोटं पुरतात, दोन पडदे लागत नाहीत. त्याहून बरं, दहा रुपयांचं भिंग ठेवा. फुलकिडा फोटोत नाही, भिंगात दिसतो.

आता मला काय पाहिजे तेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसतीच खोड काढतो. जाड काच, आयपी६८, ओल्या आणि खरबरीत बोटाला कळणारा पडदा, बदलता येणारी बॅटरी. हे आकाशातलं मागणं नाही. सॅमसंगनेच फेब्रुवारी २०२४ मध्ये भारतात एक्सकव्हर ७ नावाचा फोन आणला. आयपी६८, निघणारी बॅटरी, हातमोजे घालून चालणारा पडदा, किंमत सत्तावीस हजारांच्या आसपास. पण तो काढला कंपन्या-कारखान्यांच्या कामगारांसाठी. मेहकरच्या एकाही दुकानाच्या काचेआड मला तो दिसला नाही. दिसतो तो घडीचा. कारखान्याच्या कामगाराला मजबूत अवजार लागतं हे त्यांना कळलं, वावरातल्या माणसाचं कळायला काय हरकत होती?

दुरुस्तीचंही तसंच. युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे की मॉडेलची विक्री बंद झाल्यावरही सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्ती निर्देशांकासाठी २०२४ मध्ये समिती नेमली, मे २०२५ मध्ये तिचा अहवालही आला. फ्रिजला जसे तारे असतात तसा फोनच्या डब्यावर दुरुस्तीचा आकडा यावा, अशी ती कल्पना. तो आकडा डब्यावर आला की मग दुकानदाराने मला घडीचा फोन दाखवावा. मी आधी आकडा वाचीन.

भाच्याचा फोन अजून पुण्यात दुरुस्तीलाच आहे. तोवर तो माझा जुना फोन वापरतो, ज्याच्या कोपऱ्याला रबराचा छल्ला आहे आणि पाठीवर दोन वर्षांपूर्वीच्या फवारणीचा निळा डाग.

तुमच्यापैकी कोणाच्या घडीच्या फोनने वावरात दोन खरीप काढले असतील तर मॉडेल, किती महिने झाले आणि मळणीत सोबत होता की घरी ठेवला होता, एवढं खाली लिहा. माझं चुकत असेल तर इथंच दुरुस्ती टाकीन. हरभऱ्यावरची घाटेअळी पुढच्या आठवड्यात.