बंद कुरण फोडणाऱ्यांस आणि ते पाहत बसणाऱ्यांस जाहीर आवाहन

ग्रामस्थहो,

ग्रामसभेने ठराव करून पावसाळ्यापुरता चराईस बंद केलेल्या गायरानाच्या उत्तरेकडील तुकड्याचे काटेरी कुंपण गेल्या रविवारी रात्री कोणी तोडले आणि पहाटेपर्यंत तेथे कोणाची गुरे चरत होती, हे निम्म्या गावास ठाऊक असूनही पंचनाम्यावर सही करण्यास एकही गृहस्थ पुढे येऊ नये, ही गोष्ट आमच्या मंडळास प्रत्यक्ष नुकसानीहून अधिक लज्जास्पद वाटते.

मृगाच्या सरींनंतर पवन्या आणि मारवेल यांना फुटणारा पहिला कोंभ हा ठोंबात व मुळांत वर्षभर राखलेल्या अन्नावर पोसलेला असतो. तोच कोवळेपणी पुनःपुन्हा खुडला गेला, तर मुळे आखडतात, ठोंब मरतो आणि त्याच्या जागी जनावरांच्या तोंडाला टोचणारी कुसळी माजते. दक्षिणेकडील माळावर आज दुसरे काय उरले आहे? 1972 चा दुष्काळ वडीलधाऱ्यांनी भोगला. 2012-13 साली माणदेशातील खिल्लार जनावरे छावण्यांत बांधावी लागली. तरीही ‘पाऊस पडला की गवत आपोआप येते’ असे चावडीवर छातीठोकपणे सांगणारे शहाणे आपल्यात आहेतच. त्यांच्याशी वाद घालण्यास आम्हांस सवड नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या अवर्षणप्रवण गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून गवत विळ्याने कापून नेण्याची शिस्त लावली, ती काय तेथे निराळा पाऊस पडतो म्हणून?

‘गुरे न्यावीत कोठे?’ असे विचारणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, चार तुकड्यांपैकी तीन खुलेच आहेत. बंद तुकडा बी झडेपर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीपर्यंत, उघडावयाचा नाही आणि पुढील वर्षी दुसरा तुकडा बंद करावयाचा. खुल्या तुकड्यांतील वैरणीचे गवत फुलोऱ्यावर येताच कापून वाळवावे, बुडखा चार बोटे राखावा. बी झडलेल्या वाळक्या गवताने पोट भरते, अंगी मांस चढत नाही. म्हणून राखीव तुकडा उघडल्यावर जोडीस पेंड द्यावीच. चैत्रात माळ पेटवू नये. भाकड जनावरांची संख्या प्रत्येकाने स्वतःच्या दावणीपाशी उभे राहून मोजावी. हे आम्ही सांगितलेले कोणास रुचणार नाही.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 22 अन्वये राखलेल्या चराऊ जमिनीचा अन्य उपयोग जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून करता येत नाही. मात्र रात्री कुंपण तोडणाऱ्या हातांस आवर घालण्याचे काम गावाचेच आहे. ज्या मंडळाच्या तरुणांनी मोबदल्याची अपेक्षा न धरता भर उन्हात ते कुंपण घातले, ते मंडळ एका रात्रीच्या दांडगाईने मोडणार नाही, हे संबंधितांनी पक्के समजावे.

येत्या शनिवारी सायंकाळी ग्रामपंचायतीसमोर राखणीच्या पाळ्या लावल्या जातील. प्रत्येक घरातून एक माणूस यावा. आणि रविवारची हकिगत ज्यांनी पाहिली, त्यांनी त्याच वेळी पंचनाम्यावर सही करावी.