अपडेट त्यांचे, जाब मात्र आमच्या बायांना!

ऑगस्ट २०२५मध्ये अनेक अँड्रॉइड फोनवरचा कॉल घेण्याचा पडदा आपोआप बदलला. न विचारता बदल केलाच कसा, अशी देशभर ओरड झाली. ती रास्तच होती. पण ज्यांची रोजीरोटीच फोनला बांधली आहे, त्यांची ओरड कोण ऐकतो?

ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल शासनाला परत केले. २०१९ साली मिळालेल्या, २ जीबी रॅमच्या त्या फोनवर केंद्राचे नवे 'पोषण ट्रॅकर' अॅप धड चालेना. त्यात मराठीही नव्हती. यंत्र जुने, सॉफ्टवेअर नवे आणि जाब मात्र तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बाईला! हा कुठला न्याय?

आम्हा पनवेलकरांना महाड परके नाही. दोन्ही रायगड जिल्ह्यातलीच. १९२३ साली बोले ठराव झाला, तरी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. कागदावरचा हक्क आपोआप ओंजळीत येत नाही, हाच महाडचा धडा आहे.

३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा कलम २१मधील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा आमची मागणी सरळ आहे. शासनाने अॅप सक्तीचे केले, तर ते चालेल असा फोन, मराठी भाषा आणि बंद पडल्यास कागदी नोंदवहीची मुभाही शासनानेच द्यावी. अॅप अडले म्हणून कुणाचे मानधन किंवा लेकराचा आहार अडता कामा नये. बंधुभगिनींनो, हे लेखी मागा, संघटितपणे मागा. जयभीम!