एक रात्र दुसऱ्याच्या घरी

आठवीतल्या माझ्या मुलीने मागच्या महिन्यात विचारलं, "अब्बू, शनिवारी मैत्रिणीकडे स्लीपओव्हर आहे. जाऊ?" चार-पाच मुली, पिक्चर, मॅगी आणि रात्रभर गप्पा. मी लगेच म्हणालो, "आपल्यात असलं काही नसतं."

"मग जिंतूरच्या लग्नात आम्ही वीस पोरं एकाच हॉलमध्ये झोपलो होतो, ते?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं तर आमचं सगळं बालपण दुसऱ्यांच्या घरी झोपण्यातच गेलं. परभणीच्या उन्हाळ्यात गच्चीवर कुणाची पोरं कुणाच्या गोधडीत आहेत, हे सकाळीच कळायचं. फेब्रुवारीत तुराबुल हक बाबांच्या उरुसाला पाहुणे आले की ओळीने अंथरुणं पडायची. तेव्हा कुणी काही विचारलं नाही, कारण सगळे 'आपलेच' होते.

पण एनसीआरबीचे अहवाल वाचा. पोक्सोच्या गुन्ह्यांत बहुतेक आरोपी मुलांच्या ओळखीचेच असतात. त्यांत नातेवाईक असतात, शेजारी असतात. म्हणजे जिथे आपण डोळे मिटून पाठवतो, तिथेही विचारायला हवं होतं.

आपल्या दीनने हे कधीच सांगून ठेवलंय. मुलं दहा वर्षांची झाली की त्यांची अंथरुणं वेगळी करा, अशी हदीस आहे. फजरच्या आधी, दुपारच्या विश्रांतीला आणि इशानंतर मुलांनीही परवानगी घेऊनच खोलीत यावं, असं सूरह नूरमध्ये आहे. हे नियम घरातल्यांसाठी, सख्ख्यांसाठी आहेत. आपण मात्र सगळा संशय परक्यांसाठी राखून ठेवतो.

आणि दुसऱ्या घरी रात्र काढणं वाईटच, असंही नाही. हजरत इब्न अब्बास (रजि.) लहानपणी एका रात्री आपल्या खाला, उम्मुल मोमिनीन मैमूना (रजि.) यांच्याकडे राहिले होते. रात्री पैगंबर (स.) नमाजला उठले, तसा हा मुलगाही उठून त्यांच्या डावीकडे उभा राहिला. त्यांनी त्याला उजव्या बाजूला घेतलं. बुखारी शरीफमध्ये हा प्रसंग आहे. एका रात्रीच्या मुक्कामात मूल किती शिकतं! म्हणून ते घर कसं आहे, हे आधी पाहायचं.

आता खरं सांगतो. माझ्या नकारामागे काळजी अर्धीच होती. बाकी अर्धं कारण हे की ती मैत्रीण हिंदू आहे. लोक काय म्हणतील, हीच भीती. हे स्वतःशी कबूल करायला मला दोन दिवस लागले.

मग त्या मुलीच्या आईला फोन केला. घरी मोठं कोण असेल, मुली कुठे झोपतील, मोबाइल कुणाकडे राहतील, सगळं विचारलं. विचारताना जीभ अडखळत होती. ताईंनी सगळं नीट सांगितलं. मुलीलाही सांगितलं, "नको वाटलं तर रात्री दोन वाजताही फोन कर, मी येतो. कारण विचारणार नाही." ती गेली, रविवारी सकाळी जांभया देत परत आली.

पुढच्या शनिवारी सगळ्या आमच्याकडे होत्या. त्याआधी ताईंचा फोन आला, "भाऊ, घरी मोठं कोण कोण असेल?" क्षणभर मनाला लागलं. मग सगळं सांगितलं. आता ईदला जिंतूरला जाताना हेच प्रश्न माझ्या सख्ख्या भावालाही विचारायचे आहेत. ते मला जास्त जड जाणार आहे.