फोर व्हील लागत नाही? पेटी उतरवण्याआधी चाक उचलून बघा
(ऊस विकास अधिकारी)



वार्षिक सभा जवळ आली की एक प्रश्न ठरलेला असतो. "शेती खात्याच्या त्या जुन्या जीपगाड्या भंगारात का काढीत नाही? त्यांची फोर व्हील तर लागतच नाही!" खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत असे. मत बदलले ते पेणला, खाडीच्या चिखलात.

माझी सासुरवाडी रोह्याची आणि साडूंचे गाव पेणच्या खारपट्ट्यातले. गेल्या पावसाळ्यात अमावास्येच्या उधाणाला त्यांच्या बांधाला खांड गेली. आपल्याकडे पाट फुटला तर पाणी वाया जाते, फार तर शेजाऱ्याशी दोन शब्द होतात. तिथे बांध फुटला की भरतीचे खारे पाणी थेट भातात शिरते, आणि जमीन एकदा खारावली की पुढची काही वर्षे पीक धड येत नाही. साडूंचा फोन आला तेव्हा मी रोह्यातच होतो. माझी स्वतःची जुनी फोर व्हीलची गाडी होती, म्हणून मोठ्या ऐटीत नागोठण्यावरून निघालो. मातीची पोती भरली आणि बांधाच्या वाटेला लागलो. रात्रीच्या भरतीच्या आत खांड बुजवायची होती.

दोन फर्लांगांवर गाडी बसली. दांडा तर व्यवस्थित पडला होता, पण मागची चाके जागच्या जागी चिखल उडवताहेत आणि पुढची गप्प! शेवटी बायाबाप्यांनी पोती डोक्यावरून वाहिली. खांड बुजली, पण अगदी भरतीच्या तोंडावर. त्या दिवशी कोणी मला काही बोलले नाही, हेच जास्त लागले.

रोह्याला पहिल्या गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच सांगितले, ट्रान्सफर केसची पेटी उतरवावी लागेल. आकडा ऐकून मी गाडी विकायचेच ठरवले होते. दुसरा मिस्त्री वयस्कर. तो म्हणाला, "साहेब, पेटीला हात नंतर लावू. आधी जॅक काढा."

त्याने केले ते कोणालाही करता येईल. सपाट जागी मागच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद. दोन्ही हब 'लॉक'वर, दांडा फोर व्हीलमध्ये, गाडी गिअरमध्ये. मग पुढचे एकच चाक उचलून हाताने फिरवले. सगळे जागेवर असेल तर ते फिरता कामा नये. माझे उजवे चाक खुशाल फिरले. हबची चकती वरून 'लॉक' दाखवीत होती, पण आतले ग्रीस मिठाने दगड झालेले आणि दात गुंतलेच नव्हते. आणि एका बाजूचा हब मोकळा राहिला की डिफरन्शियल सगळी फिरकी तिकडेच सोडून देते, दुसरे चाकही ओढत नाही. आदल्या वर्षी मीच गाडी खाडीच्या पाण्यात घातली होती. नंतर हब उघडले नाहीत की वर्षभर दांड्याला हात लावला नाही. दोष गाडीचा कसला? धुणे, नवे ग्रीस, एक पॅकिंग, आणि काम झाले.

मिस्त्रीने पुढच्या एक्सलचे तेलही पाहिले. ते ताकासारखे पांढरे दिसले तर पाणी शिरले समजावे आणि लगेच बदलावे. काही गाड्यांत हब इंजिनच्या ओढीवर, रबरी नळीने लागतात. तिथे आधी नळी चिरली आहे का पाहावे. बटणाची गाडी असेल तर फ्यूज.

आता ट्रॅक्टरवाल्यांसाठी. अलीकडे फोर व्हीलचे ट्रॅक्टर गावोगाव आले, पण उसाची ट्रॉली घेऊन डांबरी सडकेने येतानाही पुष्कळांचा दांडा आतच असतो. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून हिशेब जुळवतात, डांबरावर घसरता येत नाही. मग सगळा ताण गिअरमध्ये साठतो, पुढचे टायर झिजतात आणि दांडा अडकतो. अडकलाच तर हातोडी मारू नका. सरळ रेषेत थोडे मागे घ्या, बहुधा सुटतो. पुढे गुळगुळीत आणि मागे कोरे टायर घातले तरी हाच त्रास. टायर कंपनीने सांगितलेल्या मापाचेच घ्या. जीपला तर चारही सारखे हवेत.

परत आल्यावर मी शेती खात्याच्या तीन जीपगाड्यांची चाके अशीच उचलून पाहिली. एकीचा डावा हब अडकलेला, तो साफ केला. दुसरीला मागे नवे आणि पुढे झिजलेले टायर होते. या दोन्ही विकू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पावसात फडात नोंदीला जायला भाड्याची मोटार चालत नाही, ती बांधावरच थांबते आणि आमचा कर्मचारीही मग बांधावरूनच नोंद करतो. तिसरीचे मात्र पुढच्या क्राऊन-पिनियनचे दातच गेले आहेत. ती खुशाल भंगारात काढावी, माझी हरकत नाही.