सुट्टीतली नगरी पुस्तकं

मे महिन्यात भर दुपारी नगरात घराबाहेर पडण्यात शहाणपण नाही, म्हणून सुट्टीची पुस्तकं मी जिल्ह्यातलीच सुचवतो. पहिला मान लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा. त्यांच्या संसाराचा मोठा भाग नगर-राहुरीत गेला. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी नवऱ्याचा विक्षिप्तपणा, त्याच्या धर्मांतरानं झालेली ताटातूट आणि स्वतःची फजिती अशी सांगितलीय, की डोळे पुसता पुसता हसू फुटतं. घरात मोठ्यानं वाचा. आजी असेल तर तिच्याकडूनच वाचून घ्या. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) मात्र एकट्यानं वाचायचं. अकोले तालुक्यातलं धामणगाव आणि मुंबईचा कावाखाना त्यात कसलाही मुलामा न देता येतात. सुट्टीत गावी जाणाऱ्यांनी तर ते वाचावंच. नेहरूंनी १९४४ साली इथल्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेलं ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ सगळेच सुचवतात आणि बरेच जण अर्ध्यावर सोडतात (सोडा, हरकत नाही). त्याऐवजी त्याच कैदेतल्या मौलाना आझादांचं ‘गुबार-ए-खातिर’ मिळवा. धाडता न येणारी ही पत्रं. त्यांत पहाटेच्या चहाचं कोडकौतुक आहे आणि कोठडीत घरटी बांधणाऱ्या चिमण्यांशी झालेली लढाई नि तहसुद्धा.