रुमाल टाकू नका, रिझर्व्हेशन घ्या!

उद्या सबमिशन आणि फ्लॅटवरचा वायफाय प्रिंटर म्हणतोय ‘ऑफलाइन’. काल तर मस्त चालत होता! अशा वेळी ग्रुपवर कुणीतरी सल्ला देतोच, ‘आयपी स्टॅटिक करून टाक.’ सल्ला अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा महागात पडतो.

वायफायला जोडलेल्या प्रत्येक डिव्हाइसला राउटर एक पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५. तो कायमचा नसतो, ठरावीक मुदतीपुरता उसना असतो. ही ऑटोमॅटिक पद्धत म्हणजे डीएचसीपी. १९९३ पासून ती वापरात आहे. तुमच्या फोनचा पत्ता बदलला तरी बिघडत नाही, कारण घरात त्याला कुणी शोधत येत नाही. प्रिंटरला मात्र शोधावं लागतं. त्याचा पत्ता बदलला, की लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत बसू शकतो.

मग प्रिंटरमध्ये हाताने आकडा टाकायचा? हे म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणं. कंडक्टरला, म्हणजे राउटरला, त्याची खबरच नसते. तीच सीट तो पाहुण्याच्या फोनलाही देऊ शकतो आणि मग एका सीटवर दोघं! लॅपटॉपवर हा प्रयोग केलात तर आणखी पंचाईत. कॉलेजच्या वायफायवरही तो घरचाच पत्ता धरून बसू शकतो आणि मग नेट बहुधा लागणारच नाही. शिवाय एवढं करून नेटचा स्पीड वाढत नाही तो नाहीच.

त्यापेक्षा कंडक्टरकडूनच रिझर्व्हेशन घ्या. राउटरच्या स्टिकरवर लिहिलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका, लॉगिन करा, ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ शोधा आणि प्रिंटरसाठी एक आकडा राखून ठेवा. प्रिंटर ऑटोमॅटिकवरच राहू द्या. फक्त एकदा बंद करून चालू करा. आकडा बदलला असेल तर लॅपटॉपवर तो नव्याने जोडा. बाकी सगळ्यांना ऑटोमॅटिकवर सुखाने राहू दे.

खरी अडचण वेगळीच आहे. वायफायचं कॉन्ट्रिब्युशन सगळे देतात, पण राउटरचा लॉगिन पासवर्ड बऱ्याच फ्लॅटमध्ये कुणालाच माहीत नसतो. इन्स्टॉल करणारा जे ठेवून गेला, तेच वर्षानुवर्षं चालू. या रविवारी अर्धा तास काढा. आधी तो पासवर्ड बदला, मग रिझर्व्हेशन करा आणि दोन्ही गोष्टी फ्लॅटमधल्या सगळ्यांना सांगा. सबमिशनच्या आदल्या रात्री हे शिकायला वेळ नसतो.